पर्सी ग्रेंजरचं सामान

संगीत संग्रहालयात ठेवायचं म्हणजे नेमकं काय ठेवायचं? चित्रकाराचं चित्र भिंतीवर लागतं, शिल्पकाराचा पुतळा चौथऱ्यावर उभा राहतो. संगीतकाराचं काम मात्र वाजत असतं तेवढाच वेळ असतं, मग हवेत विरून जातं. त्यामुळे संगीतकारांच्या बहुतेक स्मारकांत तेच ते दिसतं. दोरीपलीकडचा पियानो, चष्मा, टाक, एखादं पिवळं पडलेलं हस्तलिखित. माणूस मोठा होता एवढं कळतं, पण त्याच्या डोक्यात सूर कसे जमले याचा पत्ता लागत नाही.

ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न विद्यापीठाच्या आवारात, रॉयल परेड या रस्त्याच्या कडेला, विटांची एक बैठी, वळणदार भिंतींची इमारत आहे. ते ग्रेंजर संग्रहालय. पर्सी ग्रेंजर (1882–1961) या संगीतकाराचं ते आहे आणि ते त्याने स्वतःच, जिवंतपणी, स्वतःच्या पैशाने बांधून घेतलं. ऐकल्याबरोबर मनात येतं की केवढा हा अहंकार! अहंकार होताच, नाही म्हणायचं कारण नाही. पण त्या इमारतीमागे एक नीट विचार केलेला प्रश्नही होता. संगीत रचण्याची प्रक्रिया लोकांना दाखवता येईल का? गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचं कौतुक सगळे करतात, पण रचणाऱ्याच्या आत काय चाललेलं असतं, कुठली हवा, कुठली माणसं, कुठली वेडं त्याला घडवतात, हे मांडून ठेवता येईल का? ग्रेंजरचं उत्तर सोपं आणि भीतीदायक होतं. काहीही फेकायचं नाही, सगळं ठेवायचं.

आधी माणूस थोडक्यात. जन्म मेलबर्नच्या ब्रायटन भागातला. वडील जॉन वास्तुविशारद, शहरातल्या प्रिन्सेस ब्रिजचा आराखडा त्यांचा. आई रोज हिने मुलाला बहुतेक घरीच शिकवलं आणि 1895 मध्ये त्याला घेऊन ती जर्मनीत फ्रँकफर्टला गेली, तिथल्या संगीतशाळेत घालायला. 1901 पासून लंडन, 1914 पासून अमेरिका. पियानोवादक म्हणून त्याचं नाव फार मोठं झालं. नॉर्वेचा संगीतकार एडवर्ड ग्रीग त्याच्यावर बेहद्द खूश होता आणि ग्रीगचा पियानो कॉन्चेर्टो, म्हणजे पियानो आणि वाद्यवृंदासाठीची मोठी रचना, वाजवावा तर ग्रेंजरनेच, असं त्या काळी म्हटलं जाई. सामान्य श्रोत्यांना तो ठाऊक होता तो मात्र ‘कंट्री गार्डन्स’ या दोन-तीन मिनिटांच्या चुटकुल्यामुळे. आयुष्यभर त्याच्याकडे त्याचीच फर्माइश होत राहिली आणि तो आयुष्यभर त्यावर वैतागत राहिला.

1922 मध्ये आईने न्यूयॉर्कमधल्या एका उंच इमारतीवरून उडी घेऊन जीव दिला. पर्सी तेव्हा दौऱ्यावर होता. मायलेकरांचं नातं विलक्षण घट्ट होतं, त्यावरून लोक नको ते बोलत आणि त्या बोलण्याने ती खचली होती. आजारपण होतंच. या धक्क्यानंतर ग्रेंजरचा जपून ठेवण्याचा मूळचा स्वभाव ध्यासात बदलला. तिची पत्रं, तिचे कपडे, तिचे फोटो. मग स्वतःचं सगळं, मग मित्रांचं. 1934-35 मध्ये तो ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर आला, रेडिओवर बारा व्याख्यानं दिली, भरपूर कार्यक्रम केले आणि त्या कमाईतून संग्रहालयाची इमारत उभी राहायला लागली. जागा विद्यापीठाची, पैसा त्याचा, आराखडा विद्यापीठाचे वास्तुविशारद जॉन गॉलर यांचा. डिसेंबर 1938 मध्ये ते उघडलं.

विद्यापीठच का? शहराच्या मोठ्या संग्रहालयालाही त्याला देता आलं असतं. पण तिथे वस्तू काचेत जाते आणि खाली दोन ओळींची पाटी लागते. विद्यापीठात कोणीतरी विद्यार्थी येऊन ती वस्तू मागतो, पत्रांचा गठ्ठा सोडतो, तीन हस्तलिखितं शेजारी ठेवून कुठला सूर कधी बदलला ते पाहतो. विद्यापीठाचं संग्रहालय अर्धं प्रदर्शन आणि अर्धं दफ्तरखाना असतं. ग्रेंजर संग्रहालयात तर प्रदर्शनात दिसतं ते हिमनगाचं टोक. संग्रहात सुमारे एक लाख वस्तू आहेत आणि त्यांतल्या बहुतेक खोक्यांत, कपाटांत, अभ्यासकाची वाट पाहत बसलेल्या असतात.

आता त्या सामानातल्या ज्या गोष्टींमुळे मला हे संग्रहालय महत्त्वाचं वाटतं, त्यांच्याकडे येऊ. पहिली म्हणजे मेणाच्या नळकांड्यांची गोष्ट.

1905 मध्ये इंग्लंडच्या लिंकनशायर परगण्यात, ब्रिग नावाच्या गावी, संगीताच्या स्पर्धा होत्या. तिथे ग्रेंजरने खेड्यातल्या म्हाताऱ्या माणसांकडून लोकगीतं ऐकली. जोसेफ टेलर हा सत्तरी ओलांडलेला गृहस्थ त्यांतला सर्वांत गोड गळ्याचा. तेव्हा लोकगीतं जमवणारी मंडळी वही-पेन्सिल घेऊन जात आणि ऐकलेली चाल लिहून आणत. यात एक गोम आहे. शिकलेला कान ऐकताना दुरुस्ती करतो. गाणाऱ्याने सूर किंचित खाली लावला तर लिहिणारा म्हणतो, चुकला असेल, आणि ‘बरोबर’ सूर लिहितो. दुसऱ्या कडव्यात चाल थोडी बदलली तर म्हणतो, विसरला असेल. कागदावर येतं ते गाणं स्वच्छ, सरळ आणि खोटं.

ग्रेंजर 1906 मध्ये फोनोग्राफ घेऊन गेला. ब्रिटनमध्ये प्रत्यक्ष गायकांपुढे यंत्र ठेवून लोकगीतं मुद्रित करणाऱ्या अगदी पहिल्या लोकांपैकी तो एक. हे यंत्र चालतं कसं? गाणारा कर्ण्यात तोंड घालून गातो. आवाजाच्या लाटांनी कर्ण्याच्या टोकाचा पातळ पडदा थरथरतो, पडद्याला जोडलेली सुई फिरत्या मेणाच्या नळकांडीवर खाच पाडत जाते. खाचेच्या खोलीत आवाज साठतो. मग दुसरी, बोथट सुई त्या खाचेतून फिरवली की उलटा प्रवास होतो. सुई हलते, पडदा थरथरतो, गाणं ऐकू येतं. वीज नाही, काही नाही. आणि मुख्य सोय म्हणजे नळकांडी हळू फिरवता येते. ग्रेंजर तेच करी. वेग कमी केला की सूर खाली उतरतो, पण प्रत्येक हेलकावा, प्रत्येक कणस्वर उलगडून दिसतो. भिंगाखाली कापडाची वीण दिसावी तसा.

त्याने जे लिहून काढलं ते पाहून लोकगीतांच्या जाणकारांचे डोळे विस्फारले आणि भुवयाही चढल्या. एकाच गाण्याच्या दर कडव्याला वेगळे सूर, मधेच वाढलेली अर्धी मात्रा, घसरत येणारे स्वर, सगळं जसंच्या तसं. इतकं कशाला, मूळ चाल दिली की झालं, असं बऱ्याच जणांचं मत पडलं. ग्रेंजरचं म्हणणं वेगळं होतं. मूळ चाल अशी वेगळी काढताच येत नाही, ती या माणसाच्या गळ्यातच राहते. तीनशेहून अधिक गाणी त्याने अशी जमवली.

तीस-एक वर्षांनी, 1937 मध्ये, त्याने सुषिर, म्हणजे फुंकून वाजवायच्या, वाद्यांच्या बँडसाठी ‘लिंकनशायर पोझी’ ही रचना केली. तिचे सहा भाग, सहा लोकगीतांवर. त्यात बारची मापं सारखी बदलतात. बार म्हणजे मात्रांचा एकेक खण. साधारण संगीतात सगळे खण सारखे असतात, चार-चार किंवा तीन-तीन मात्रांचे. इथे एक खण अडीच मात्रांचा, पुढचा दोनचा, आणि एका भागात तर ठरलेलं मापच नाही, संचालकाच्या हातावर सगळं. नुसती रचना ऐकणाऱ्याला वाटेल, विसाव्या शतकातला संगीतकार, प्रयोग करतोय. पण शेजारी ती टिपणं ठेवा. ही वेडीवाकडी मापं त्या म्हाताऱ्यांच्या गाण्यातूनच आलेली आहेत. ग्रेंजर स्वतः म्हणे की या रचनेचा प्रत्येक भाग म्हणजे ते गाणं गाणाऱ्याचं चित्र आहे. कागदपत्रं जपून ठेवण्याचा उपयोग काय, असं कोणी विचारलं तर मी हे एकच उदाहरण देईन.

दुसरी गोष्ट अधिक वेडी आहे.

लहानपणी मेलबर्नच्या अल्बर्ट पार्क तळ्यात नावेत बसलेला असताना पाण्याच्या लाटा बघून आपल्याला एका नव्या संगीताची कल्पना सुचली, असं ग्रेंजर सांगत असे. लाटेला पायऱ्या नसतात. ती चढते आणि उतरते, मधे कुठे थांबत नाही. पियानो याच्या अगदी उलट. तो म्हणजे जिना. या पायरीवर किंवा त्या पायरीवर, अधेमधे पाय ठेवायला जागाच नाही. आपल्याकडे मींड ऐकलेल्या कानाला हे लगेच समजेल. एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं. ग्रेंजरला अख्खं संगीतच मींडेचं हवं होतं. एकाच वेळी पाच-सहा आवाज, प्रत्येक आपापल्या वळणाने चढणारा-उतरणारा, ताल ठोकणारा ठेका नाही, स्वरसप्तकाच्या पायऱ्या नाहीत. याला त्याने ‘फ्री म्युझिक’ म्हटलं, मुक्त संगीत.

लिहायचं कसं हा पहिला प्रश्न. नेहमीच्या पाच रेघांवर जिनाच लिहिता येतो. म्हणून त्याने आलेखाचा कागद घेतला आणि त्यावर रंगीत शाईने वळणं काढली, एकेका आवाजाला एकेक रेघ. उभा अक्ष सुराची उंची, आडवा अक्ष वेळ. वाजवणार कोण हा दुसरा प्रश्न. 1935 मध्ये त्याने ते तंतुवाद्यांवर करून पाहिलं. मग थेरेमिनसाठी लिहिलं. थेरेमिन हे रशियन शोधकाचं विजेवर चालणारं वाद्य. त्याला हात लावायचा नसतो. तारेजवळ हवेत हात पुढेमागे केला की सूर घसरतो. कामाला आलं, पण शेवटी वाजवणारा माणूसच. त्याचा हात थरथरतो, त्याची आवड-निवड मधे येते. ग्रेंजरला मध्यस्थच नको होता. रचणाऱ्याच्या कल्पनेतून थेट श्रोत्याच्या कानात. ज्याचं पोट आयुष्यभर दुसऱ्यांच्या रचना वाजवून भरलं, त्या नामांकित पियानोवादकाला वादक ही जातच नकोशी झाली होती.

मग यंत्रं आली. न्यूयॉर्कजवळच्या व्हाइट प्लेन्स गावातल्या घरात, बर्नेट क्रॉस या भौतिकशास्त्राच्या शिक्षकाला सोबत घेऊन, उतारवयात तो यंत्रं बनवत बसला. एका यंत्रात भोकं पाडलेला कागदाचा पट्टा फिरे आणि त्या भोकांतून हवा जाऊन पत्त्या वाजत. हार्मोनियमच्या असतात तशाच, फक्त एकमेकींच्या इतक्या जवळ जुळवलेल्या की सूर जवळजवळ घसरल्यासारखा वाटावा. पण ‘जवळजवळ’ वर तो थांबणारा नव्हता. दुसऱ्या यंत्राचं नाव ‘कांगारू पाउच’, म्हणजे कांगारूची पिशवी. त्यात तपकिरी कागदाची भलीमोठी गुंडाळी सरकत जाई, तिची कड डोंगररांगेसारखी कापलेली. त्या कडेवर चाक टेकवलेलं. डोंगर आला की चाक वर, दरी आली की खाली, आणि चाकाला जोडलेल्या विजेच्या यंत्रातला सूर त्याबरोबर वर-खाली. एक रेघ सुराची, दुसरी आवाजाच्या लहान-मोठेपणाची. नंतरच्या यंत्रात चाकंही गेली. पारदर्शक पट्ट्यावर रंगाने वळणं रंगवायची, एका बाजूने उजेड सोडायचा, दुसऱ्या बाजूच्या प्रकाशविद्युत घटांवर किती उजेड पडला त्यावर सूर ठरायचा. थोडक्यात, चित्र काढा आणि ते ऐका. आज संगणकावर बोटाने रेघ ओढून आवाज घडवणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. ग्रेंजर हे 1950 च्या दशकात कागद, दोऱ्या आणि लाकडाच्या पट्ट्या घेऊन घरात करत होता.

अशा यंत्रांना वाद्य म्हणायचं की भंगार, हा प्रश्न दुसऱ्या कुठल्याही संस्थेत पडला असता. संग्रहालय आधीच बांधलेलं होतं म्हणून ती वाचली, असं मला वाटतं.

बाकीच्या सामानातून भराभर जाऊ. टर्किश टॉवेलच्या कापडाचे कपडे आहेत, त्याने आणि आईने शोधून काढलेले, रंगीबेरंगी, सहज धुता येतील असे. दौऱ्यात गावोगाव चालत जायची त्याला हौस, त्यात ते सोयीचे. ग्रीग, डेलियस, सिरिल स्कॉट या मित्रांची पत्रं आणि वस्तू आहेत. मित्रांकडे तो हक्काने मागून घेई. त्याच्या छापील स्वरलिपी पाहाव्यात. इटालियन शब्द त्याला चालत नसत. इतर लोक ‘मोल्तो क्रेशेंडो’ लिहितात तिथे हा ‘लाउडन लॉट्स’ लिहितो, म्हणजे ‘आवाज खूप वाढवा’. व्हायोलाला ‘मिडल-फिडल’. गंमत वाटते. त्यामागचं कारण कळलं की वाटेनाशी होते.

कारण होतं वंशाचं वेड. उत्तर युरोपातले निळ्या डोळ्यांचे लोक श्रेष्ठ, अशी त्याची समजूत होती आणि इंग्रजीतून लॅटिन-इटालियन शब्द उपटून काढण्याची मोहीम त्यातूनच आलेली. त्याच्या पत्रांत ज्यूंबद्दल अत्यंत वाईट लिहिलेलं सापडतं. हाच माणूस 1909 मध्ये न्यूझीलंडमध्ये रारोटोंगा बेटावरच्या गायकांचं मुद्रण ऐकून थक्क होतो आणि ते सुरांत उतरवायला बसतो. जावा बेटावरच्या गामेलान या पारंपरिक वाद्यवृंदावर तो फिदा असतो आणि 1932 मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठातल्या आपल्या वर्गात ड्यूक एलिंग्टन या कृष्णवर्णीय जॅझ संगीतकाराला वाद्यवृंदासह बोलावतो. हे दोन्ही एका डोक्यात कसं मावत होतं? त्याची सारवासारव करायची नाही आणि त्यावरून सगळं झाकूनही टाकायचं नाही, ही अशा संग्रहालयाची खरी कसोटी. भक्तांनी बांधलेल्या स्मारकात ती पत्रं केव्हाच नाहीशी झाली असती. इथे खुद्द ग्रेंजरनेच ती ठेवली. लाज वाटून नव्हे, अभिमानानेच ठेवली असतील. पण ठेवली, म्हणून आज वाचता येतात आणि त्याच्यावर उलटवता येतात.

त्याने आणखी एक ठेवलं. शारीरिक वेदनेतून कामसुख घेण्याची त्याला आवड होती. चाबूक होते, फोटो होते, त्याबद्दल स्वतः लिहिलेले कागद होते. ते त्याने बांधून, बंद करून, आपल्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी उघडावेत अशा सूचनेसह ठेवले. दफ्तरखान्यांत ही पद्धत सर्रास असते. देणारा अट घालतो, अमुक वर्षांपर्यंत उघडू नये, आणि संस्था ती पाळते. त्यामुळेच लोक खासगी कागद जाळून टाकण्याऐवजी देतात. विचित्र आहे ते ग्रेंजरचं कारण. लाज वाचवावी असा त्याचा हेतू नव्हता. रचनाकाराला समजून घ्यायचं तर त्याचं शरीरही समजून घ्यायला हवं, असं त्याला वाटत होतं. मला हे पूर्ण पटत नाही. चाबकांवरून एकही सूर समजायला मदत होते असं मला दिसत नाही, आणि पाहायला येणारे मात्र तेवढंच लक्षात ठेवून जातात. पण काय महत्त्वाचं ते आपण ठरवायचं नाही, पुढच्यांनी ठरवायचं, हा त्याचा नियम त्याने स्वतःलाही लावला, एवढं मान्य करावं लागतं.

1955-56 मध्ये पत्नी एलासोबत तो शेवटचा मेलबर्नला आला आणि स्वतःच्या हातांनी मांडणी करत राहिला. टंकलिखित मजकूर आणि फोटो चिकटवलेले मोठमोठे फलक, त्याचे कपडे घातलेले माणसाएवढे पुतळे. मृत्युपत्रात तर त्याने लिहून ठेवलं होतं की आपला सांगाडाही जपून ठेवावा, जमल्यास याच संग्रहालयात मांडावा. ते मात्र कोणी ऐकलं नाही. 1961 मध्ये तो व्हाइट प्लेन्सला वारला आणि ॲडलेडच्या वेस्ट टेरेस दफनभूमीत आईच्या माहेरच्या कुटुंबाच्या थडग्यात त्याला पुरलं.

तिथून पुढे सगळा भार विद्यापीठावर. देणगी घेणं सोपं, सांभाळणं कठीण. कपड्यांचे रंग उजेडाने उडतात, म्हणून कापडांवर साधारण 50 लक्सपेक्षा (लक्स हे प्रकाश मोजायचं एकक) जास्त प्रकाश नको, एवढ्या मंद खोलीत पाहणाऱ्याला डोळे ताणावे लागतात. जुना स्वस्त कागद आपल्याच आम्लाने ठिसूळ होतो. इमारत तर स्वतःच एक वारसा वस्तू, भिंतीला खिळा ठोकायचा तरी विचार करावा लागतो. 2003 मध्ये संग्रहालय दुरुस्तीसाठी बंद झालं ते थेट 2010 मध्ये उघडलं. आणि संस्थापकाची मांडणी तशीच ठेवायची की बदलायची? त्याच्या फलकांतली वाक्यं जशीच्या तशी ठेवली तर संग्रहालय त्याच्याच तोंडाने बोलत राहतं. काढली तर त्याने घडवलेली एक वस्तूच नष्ट होते. यातून निघालेली वाट अशी की त्याचे फलक आता स्वतःच प्रदर्शनातल्या वस्तू मानायचे, हे असं लिहिणारा माणूस होता म्हणून दाखवायचे.

सगळ्यात चमत्कारिक अडचण यंत्रांची. कांगारूची पिशवी चालवली तर सत्तर वर्षांचा तपकिरी कागद फाटणार, दोऱ्या तुटणार, मग तुटलेलं नवं घालायचं आणि शेवटी मूळचं काय उरलं ते शोधत बसायचं. नाही चालवली तर ते गप्प उभं लाकूड. मेणाच्या नळकांडीचंही हेच. दर वेळी सुई फिरली की मेण थोडं खरवडलं जातं, ऐकण्याची किंमत ऐकण्यानेच वसूल होते. नळकांड्यांवर उपाय आहे. एकदा काळजीपूर्वक वाजवून ध्वनीची नक्कल करून घ्यायची आणि मूळ नळकांडी पेटीत ठेवून द्यायची. यंत्राची अशी नक्कल होत नाही. पण मुक्त संगीताचे ते आलेख आहेत, रंगीत शाईतले, आणि ते वाचायला ग्रेंजरचं यंत्र लागत नाही. उभा अक्ष सूर, आडवा अक्ष वेळ. थेरेमिनवाल्यांनी ते वाजवले आहेत. साधा संगणक असलेला कुठलाही विद्यार्थी ती वळणं आकड्यांत उतरवून तासाभरात ऐकू शकतो, मधे एकही वादक न आणता.